हळदीचा हंगाम आणि मानेतील दबलेली शीर : व्यायामाचा उपचार



हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात गोरेगावच्या शिवारात हळदीची काढणी सुरू झाली की घरातील कोणालाच उसंत राहत नाही. पाला कापणे, कंद उकरणे, माती झटकून जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, घमेली भरून कुकरपर्यंत नेणे, शिजवलेली हळद पसरणे ही कामे एकामागून एक येतात. यातील मोडणी व निवडणीचे काम प्रामुख्याने भगिनी करतात. उकिडवे बसून, मान खाली घालून, दिवसाचे सात-आठ तास. त्यात मधून मधून भरलेले घमेले डोक्यावर.

अशा दिवसांत एखाद्या सकाळी मान आखडलेली असते. ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळले जाते. चार दिवसांनी कळ खांद्याच्या पात्यात उतरते, तेथून दंडात आणि मनगटापर्यंत जाते. अंगठ्याला मुंग्या येतात, रात्री कोणत्याही कुशीवर झोप लागत नाही आणि एक दिवस चहाची कपबशी हातातून निसटते. मग घरात बोलणे सुरू होते. कोणी वात म्हणतो, कोणी लकव्याची सुरुवात म्हणतो, कोणी मान मोडून देणाऱ्याचे नाव सुचवतो, तर कोणी ‘आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही’ असे सांगून धीरच खचवतो.

बहुतेक वेळा यातले काहीच नसते. मानेच्या मणक्यांजवळ हाताकडे जाणारी शीर दबलेली असते, आणि योग्य मापाने केलेला व्यायाम हा तिच्यावरील उपचाराचा मुख्य भाग आहे. मात्र हा व्यायाम कोणता, किती आणि केव्हा थांबवावयाचा, हे समजून घेतल्याशिवाय तो सुरू करू नये.

शीर दबते म्हणजे काय होते?

आपण बोलताना ‘शीर’ म्हणतो ती येथे रक्ताची नाही. मेंदूचा निरोप हाताला आणि हाताची खबर मेंदूला पोहोचवणारा तो मज्जातंतू होय. मानेत सात मणके असतात. मज्जारज्जूतून मानेच्या भागात मज्जातंतूंच्या आठ जोड्या निघतात आणि मणक्यांच्या बाजूच्या लहान खिडक्यांतून बाहेर पडतात. दोन मणक्यांमध्ये गादी असते. ही गादी बाजूला फुगली किंवा फाटून तिचा आतील भाग बाहेर आला, तर तो त्या खिडकीत शिरतो. वयाच्या चाळिशी-पन्नाशीनंतर गादी झिजते, मणक्यांच्या कडांना हाडाची टोके येतात आणि खिडकीच अरुंद होते. दोन्ही प्रकारांत तंतू दाबला जातो व सुजतो. दुखण्यात या सुजेचा वाटा मोठा असतो. सूज आठवड्यांच्या हिशेबाने ओसरते, बाहेर आलेला गादीचा भागही पुष्कळदा हळूहळू आकसतो. त्यामुळेच शस्त्रक्रिया न करता बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

कोणता तंतू दबला याचा अंदाज बोटांवरून येतो. सहावा तंतू दबल्यास अंगठा व तर्जनीकडे मुंग्या येतात आणि कोपर वाकवण्याची ताकद कमी होते. सातवा दबल्यास मधले बोट बधिर होते आणि हात ढकलण्यात कमी पडतो. दार लोटताना किंवा जमिनीवर हात टेकून उठताना ते जाणवते. आठवा दबल्यास करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते, मूठ सैल पडते. यात सातवा तंतू सर्वाधिक वेळा सापडतो, त्याखालोखाल सहावा.

येथे एक घोटाळा होतो, तो सांगितला पाहिजे. धार काढणाऱ्या, विळा किंवा खुरपे सतत वापरणाऱ्या माणसाच्या मनगटातही शीर दबते. तेव्हाही अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते. पण त्यात मुंग्यांनी रात्री जाग येते, हात झटकला की बरे वाटते आणि मान हलवण्याचा काही संबंध नसतो. मानेच्या दुखण्यात उलट दुखरा हात उचलून तळवा डोक्यावर ठेवला की अनेकांना आराम पडतो, कारण तंतूवरील ताण सैल होतो. वर पाहून दुखऱ्या बाजूला मान वळवली की कळ हातात उतरते. ही तपासणी मात्र पुन्हा पुन्हा करून पाहू नये. दुखणे नक्की कोठले, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

शेतीकामाचा मानेशी संबंध

माणसाचे डोके साधारण चार ते पाच किलो वजनाचे असते. ते खांद्यांच्या बरोबर वर तोललेले असेल तर मानेला फारसे कष्ट पडत नाहीत. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडलेल्या गणितानुसार मान १५ अंश वाकली की मानेवरील भार सुमारे १२ किलो आणि ६० अंश वाकली की सुमारे २७ किलो होतो. हे प्रत्यक्ष मोजलेले आकडे नाहीत, गणिताने काढलेला अंदाज आहे. तो मोबाइलमध्ये पाहणाऱ्यांसंबंधी गाजला, पण हळद मोडणाऱ्या बाईची मान काही कमी वाकत नाही.

वाकून काम केल्याने मानेमागचे स्नायू थकतात व गाद्यांवर दाब वाढतो. खिडकी मात्र वाकल्याने थोडी उघडते आणि वर पाहिल्याने अरुंद होते. ज्याची शीर आधीच चिमटलेली आहे, त्याला निवडणीपेक्षा ट्रॉलीत पोती भरताना किंवा चिंचा झोडपताना वर पाहिले की जास्त कळ का येते, याचे उत्तर यात आहे. डोक्यावरचे ओझे मणक्यांना सरळ वरून खाली दाबते. फवारणीचा १६ लिटरचा पंप पूर्ण भरला तर पाण्याचेच वजन १६ किलो, त्यात पंपाचे निराळे. त्याचे अरुंद पट्टे खांद्यांत रुततात आणि डोके आपोआप पुढे झुकते. बॅटरीवरच्या पंपाने दांडा मारण्याचे श्रम वाचतात, पण बॅटरीमुळे रिकामा पंपच जड असतो, हे घेताना लक्षात ठेवावे.

व्यायामाने किती फरक पडतो?

व्यायामाला पुष्कळ लोक दुय्यम समजतात. इंजेक्शन म्हणजे उपचार आणि व्यायाम म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी समजूत आहे. वास्तविक या विद्येला आपल्या राज्यात मोठी परंपरा आहे. देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली सुरू झाली. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना हालचाल शिकवण्याची गरज त्यामागे होती.

मानेतील दबलेल्या शिरेबाबत नेदरलँड्समधील एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दुखणे सुरू होऊन महिनाही झालेला नाही, असे २०५ रुग्ण त्यात होते. एका गटाला व्यायामासह फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला मानेचा पट्टा व विश्रांती, तिसऱ्याला नेहमीचे व्यवहार चालू ठेवून वाट पाहण्यास सांगितले. पहिल्या सहा आठवड्यांत व्यायामाच्या व पट्ट्याच्या गटांतील मान व हाताचे दुखणे तिसऱ्या गटापेक्षा जास्त उतरले. सहा महिन्यांनंतर तिन्ही गटांत फरक राहिला नाही. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुने दुखणे असलेल्या ८१ रुग्णांची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि पट्टा अशी तुलना केली होती. शस्त्रक्रियेच्या गटाला सुरुवातीस लवकर आराम पडला, पण वर्षानंतर तिन्ही गट जवळपास सारखेच होते.

याचा अर्थ सरळ आहे. व्यायाम ही जादू नाही. शरीर स्वतःच जे बरे करणार असते, ते तो लवकर व कमी त्रासात होऊ देतो. सहा महिन्यांनी सगळे सारखेच म्हणून व्यायाम कशाला, असे कोणी म्हणेल. पण हळदीच्या काढणीत हे सहा आठवडे म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम असतो. ते सहा आठवडे रात्री झोप मिळणे आणि हाताची पकड टिकणे, ही शेतकरी कुटुंबासाठी लहान गोष्ट नव्हे.

पट्ट्याबद्दलही गैरसमज नको. त्या अभ्यासात पट्टा तीन आठवडे दिला आणि पुढील तीन आठवड्यांत कमी करत काढून टाकला. आपल्याकडे तो वर्षभर गळ्यात दिसतो. फार काळ पट्टा बांधल्याने मानेचे स्नायू दुबळे होतात आणि तो काढला की दुखणे पुन्हा डोके वर काढते.

आधी हा नियम पाठ करावा

व्यायाम करताना वा केल्यावर दुखणे बोटांकडून कोपराकडे, कोपराकडून खांद्याकडे आणि मानेत गोळा होऊ लागले, तर व्यायाम लागू पडत आहे असे समजावे, मग मान थोडी जास्त दुखली तरी हरकत नाही. दुखणे मानेतून निघून हातात खाली उतरू लागले, मुंग्या वाढल्या आणि दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत झाल्या नाहीत, तर तो व्यायाम बंद करावा. थोडे सोसले म्हणजे गुण येतो, हा कुस्तीच्या आखाड्यातील हिशेब येथे चालत नाही.

पहिले काही दिवस कळ तीव्र असते. तेव्हा ताकदीचा कोणताही व्यायाम करू नये. उताणे झोपून मानेच्या पोकळीत मऊ घडी येईल अशी गोधडी ठेवावी. उशी इतकीच असावी की हनुवटी छातीला टेकणार नाही आणि डोके मागेही लोंबणार नाही. कुशीवर झोपताना दुखरा हात दुसऱ्या उशीवर टेकवावा. दर तासाला मान दोन्ही बाजूंना, कळ न येईल इतकीच, पाच-सहा वेळा सावकाश वळवावी. घरात व अंगणात चालत राहावे. दिवसभर अंथरुणाला खिळून राहिल्याने काही साधत नाही.

कळ थोडी बसली की हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम सुरू करावा. भिंतीला पाठ टेकून पाटावर बसावे. नजर समोर ठेवावी. डोके वर किंवा खाली न करता हनुवटी सरळ मागे न्यावी, जणू समोरून कोणी बोट लावून ती मागे ढकलत आहे. मानेच्या मागे ताण जाणवेल. मनात पाच आकडे मोजून सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा करावे. बहुतेकजण येथे हनुवटी खाली दाबतात, ते चूक आहे. आरशात बाजूने कोणाला तरी पाहायला सांगावे. कान खांद्याच्या रेषेत आला म्हणजे बरोबर झाले.

त्याच बैठकीत खांद्यांची पाती मागे व किंचित खाली ओढून पाच आकडे धरावीत. खांदे कानांकडे उचलू नयेत. निवडणीला बसणाऱ्यांना हा व्यायाम कामाच्या जागीही करता येतो, त्याला कोणी हसणार नाही.

तिसरा व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. मानेच्या पुढच्या बाजूस, अन्ननलिकेच्या मागे मणक्यांना चिकटून असलेले आतले स्नायू डोक्याला आधार देतात. दुखण्यात ते पहिल्यांदा ढिले पडतात आणि वरचे जाड स्नायू ताठून बसतात. आतले स्नायू जागे करण्यासाठी उताणे झोपून, डोके न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तशी मान अगदी थोडी हलवून तेथेच दहा आकडे धरावी. गळ्याच्या बाजूच्या दोऱ्या ताठ झाल्या तर जोर जास्त लागला असे समजावे. सुरुवातीला पाच वेळा, पुढे दहा वेळा करावे.

हे तीन व्यायाम आठ-दहा दिवस नीट जमले व हातातील कळ कमी झाली, की ताकदीकडे वळावे. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हलका दाब द्यावा व हाताने तो अडवावा. मान जागची हलू देऊ नये, श्वास रोखू नये. असेच दोन्ही बाजूंनी व मागून करावे. जोर आपल्या पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्शाएवढाच असावा. नंतर सायकलची जुनी ट्यूब खांबाला छातीच्या उंचीवर बांधून तिची दोन टोके दोन्ही हातांनी पोटाकडे ओढावीत, कोपर अंगाला घासून मागे न्यावेत. दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. पकड सैल झाली असल्यास ओल्या फडक्याचा बोळा मुठीत दाबून सोडत राहावे. त्याखेरीज रोज २० ते ३० मिनिटे हात मोकळे सोडून चालावे.

हात विशिष्ट पद्धतीने लांबवून तंतू त्याच्या वाटेत सरकवण्याचा एक व्यायाम असतो. तो उपयोगी आहे, परंतु जोराने केल्यास सुजलेला तंतू आणखी चिडतो. तो फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नये. मानेला ओढ देण्याच्या यंत्राचेही तसेच. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ८६ रुग्णांच्या अभ्यासात व्यायामाला यंत्राच्या ओढीची जोड दिल्यावर अधिक लाभ झाला, पण ती ओढ मापून दिलेली होती. दाराच्या चौकटीला दोरी टांगून विटा बांधण्याचा उद्योग घरी कोणीही करू नये.

काय टाळावे?

हजामतीनंतर मान कटकन मोडून घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्याने क्षणभर हलके वाटते. पण झटक्याने मान फिरवताना फुगलेली गादी अधिक बाहेर येऊ शकते, आणि मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ते क्वचित घडते, परंतु शीर दबलेल्या माणसाने हा धोका मुळीच पत्करू नये. मान गरगर गोल फिरवणे, शीर्षासन, सर्वांगासन, डोके पूर्ण मागे टाकून करावयाची आसने या काळात बंद ठेवावीत. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन् महिने घेतल्याने पोटात व्रण आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. त्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस घ्याव्यात.

घरी थांबू नये अशी लक्षणे

दोन्ही हात एकदम बावळे होणे, सदऱ्याची गुंडी लावता न येणे, चालताना झोक जाणे, पाय जड पडणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे तंतू नव्हे तर मज्जारज्जूच दबत असल्याची असू शकतात. येथे व्यायाम हा उपचार नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत जाणे, झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडल्यानंतर मान दुखणे, सोबत ताप येणे किंवा विनाकारण वजन घटणे यांतही वेळ दवडू नये. अशा वेळी शस्त्रक्रिया सांगितली तर तिला भिऊन मागे फिरू नये. आणि डाव्या हाताची कळ छातीतील दाब, घाम, धाप यांसह आली तर मानेचा विचारही न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एरवी दोन आठवड्यांत आराम पडला नाही तर सेनगाव किंवा हिंगोलीच्या शासकीय रुग्णालयात दाखवावे. हिंगोली येथे २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. फिजिओथेरपीचे दिवस व वेळ आधी विचारून जावे, म्हणजे मजुरीचा दिवस फुकट जात नाही. जाताना कोणते बोट बधिर आहे, कोणत्या कामाने कळ वाढते आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या, हे कागदावर लिहून न्यावे. गर्दीत डॉक्टरांसमोर उभे राहिल्यावर निम्मे विसरायला होते.

कामावर परत येताना

निवडणीचा ढीग जमिनीवर न ठेवता बाजेवर किंवा फळीवर घ्यावा आणि आपण ठेंगण्या स्टुलावर बसावे. मान वाकण्याचे निम्मे काम याने कमी होते. अर्ध्या तासाने उठून जागा किंवा काम बदलावे आणि उठताना पाच वेळा हनुवटी मागे घ्यावी. गड्डे वाहून नेण्यास एकचाकी गाडा मिळाला तर घ्यावा. घरात दोघे-तिघे असतील तर ज्याची मान दुखते आहे त्याने गाडा ओढावा आणि दुसऱ्याने तो भरावा.

डोक्यावरचे ओझे हातातील कळ पूर्ण थांबून निदान चार-सहा आठवडे होईपर्यंत घेऊ नये. पुढेही २० किलोचे एक घमेले नेण्यापेक्षा १० किलोच्या दोन खेपा बऱ्या. चुंबळ जाड असावी, पण तिने ओझे कमी होत नाही, फक्त टाळूला टोचत नाही, हे ध्यानात असू द्यावे. घमेले स्वतः वर फेकून न घेता दुसऱ्याकडून डोक्यावर ठेवून घ्यावे व तसेच उतरवून घ्यावे, कारण मानेला हिसका बसतो तो चालताना नव्हे, चढवता-उतरवताना. फवारणीचा पंप पहिले काही आठवडे आठ-दहा लिटरच भरावा, पट्ट्यांखाली जुन्या गोधडीची रुंद घडी घालावी आणि पंप ओट्यावर किंवा ट्रॉलीच्या फळीवर ठेवून, त्याला पाठ लावून मगच पट्टे चढवावेत.